चारही पर्याय शिका : करोडपतीच्या खुर्चीसाठी सामान्य ज्ञानाची तयारी

'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. एक कोटीचा त्यांचा प्रश्न होता, यांपैकी कोणाला भारताची राज्यघटना संसदेच्या कामकाजात भाग घेऊ देते? पर्याय होते सॉलिसिटर जनरल, ॲटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश. उत्तर ॲटर्नी जनरल. आमच्या वर्गात नवीन माणूस आला की मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिते आणि उत्तरही लगेच सांगून टाकते. मग विचारते, आता बाकीचे तिघे का नाहीत ते सांगा.

इथे बहुतेक जण अडतात, आणि खरी तयारी इथूनच सुरू होते.

मी कराडला हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवत असे. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. दूध संघातले कारकून येतात, शिवणकाम करणाऱ्या ताई येतात, स्पर्धा परीक्षेची मुलं येतात आणि त्यांना सोडायला आलेले त्यांचे वडीलही हळूहळू बाकावर बसायला लागले आहेत. सगळ्यांना खुर्चीवर बसायचंय. सगळ्यांकडे 'पाच हजार प्रश्नोत्तरे' छापाची पुस्तकं असतात. मी ती पुस्तकं बाजूला ठेवायला सांगते. त्यात प्रश्न असतो आणि एक उत्तर असतं. टीव्हीवर मात्र तुमच्यासमोर चार उत्तरं येतात, त्यातली तीन मुद्दाम जवळची निवडलेली असतात, आणि दिव्यांच्या झोतात तुमचं डोकं त्या तिघांतच अडकतं.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. प्रत्येक माहिती तिच्या शेजाऱ्यांसकट शिका.

वहीची पद्धत

दोनशेपानी वही घ्या. डावीकडच्या पानावर प्रश्न आणि चार पर्याय लिहा. उजवीकडच्या पानावर प्रत्येक पर्यायासाठी दोन ओळी. बरोबर उत्तर बरोबर का, हे लिहायचंच. पण चुकीचा पर्याय दुसऱ्या कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, हेही लिहायचं.

नवाथेंच्या प्रश्नाचं उजवं पान असं भरतं. ॲटर्नी जनरल : केंद्राचा सर्वोच्च कायदा अधिकारी, पद राज्यघटनेच्या कलम ७६ मध्ये, कलम ८८ नुसार दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत देता येत नाही, पहिले मो. चि. सेटलवाड. सॉलिसिटर जनरल : केंद्राचा दुसऱ्या क्रमांकाचा कायदा अधिकारी, पण राज्यघटनेत या पदाचा उल्लेखच नाही. कॅबिनेट सचिव : सनदी सेवेतलं सर्वांत वरचं पद. सरन्यायाधीश : राष्ट्रपतींना पदाची शपथ देतात. मग कोणीतरी विचारतंच, राज्यात ॲटर्नी जनरलच्या जागी कोण? महाधिवक्ता, कलम १६५. एका पानात पाच-सहा प्रश्नांची सोय झाली, आणि घोकावं काहीच लागलं नाही.

दिवसाला दोनच पानं करा. वीस पानं करणारे पंधरा दिवसांत कंटाळतात, असं मी बघत आले आहे.

२०११ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. त्यांचा शेवटचा प्रश्न : १६ ऑक्टोबर १८६८ रोजी निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेनं भारतातला आपला संबंध संपवला? उत्तर डेन्मार्क. हा प्रश्न ऐकून लोक म्हणतात, असलं कोण वाचतं? पण युरोपीय सत्तांचं पान नीट भरलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. शाळेत आपण वास्को द गामा १४९८, ईस्ट इंडिया कंपनी १६००, डच १६०२, फ्रेंच १६६४ असं शिकतो आणि डॅनिश कंपनीचं १६१६ साल एका ओळीत उरकतो. त्या ओळीखाली लिहा : तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगमबाडी, बंगालमधलं सेरामपूर, दोन्ही १८४५ मध्ये इंग्रजांना विकली. आता शेजारी भरा. डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. फ्रेंचांनी पुदुच्चेरी १९५४ मध्ये सोडली. पोर्तुगीज सर्वांत आधी आले आणि गोव्यातून १९ डिसेंबर १९६१ ला सर्वांत शेवटी गेले. येण्याचा क्रम आणि जाण्याचा क्रम शेजारी शेजारी लिहिलेत की हे पान पुन्हा विसरत नाही.

तिसरं उदाहरण मला सर्वांत जवळचं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत. २०१९ मध्ये त्या एक कोटी जिंकल्या. १८५७ च्या उठावाचा अनुभव सांगणाऱ्या 'दास्तान-ए-गदर'चा कर्ता कोण, या प्रश्नाला त्यांनी जहीर देहलवी हे उत्तर दिलं. सात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. तो प्रश्न असा : कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे भारताचे राष्ट्रपती झाले? उत्तर बिहार. राष्ट्रपतींची यादी आपल्या सगळ्यांच्या पुस्तकात असते, नाव आणि कार्यकाळ अशा दोन रकान्यांची. मी वर्गाला त्यात तिसरा रकाना काढायला लावते, 'आधीचं पद'. मग दिसतं की झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघे बिहारचे राज्यपाल होते. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या होत्या, द्रौपदी मुर्मू झारखंडच्या, आणि शंकर दयाळ शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब, महाराष्ट्र असे तीन राज्यांत फिरून आले. कोणत्याही यादीला एक जास्तीचा रकाना जोडा. प्रश्न काढणारा माणूस बहुतेक वेळा त्या जास्तीच्या रकान्यात बसलेला असतो.

क्रम लावण्याचा सराव

खुर्चीपर्यंत पोहोचायला 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट' ही सर्वांत वेगवान उत्तराची फेरी पार करावी लागते, आणि तिथे अनेकदा चार गोष्टींचा क्रम लावायला सांगतात. ज्ञान सारखंच असलेल्या दहा जणांत ज्याच्या डोक्यात क्रम तयार असतो तो पुढे जातो. म्हणून आमच्या खोलीत शेवटची पंधरा मिनिटं फक्त चौकड्या चालतात. एकानं चार नावं उलटसुलट वाचायची, बाकीच्यांनी अ, ब, क, ड लिहून कागद पालथा घालायचा.

चौकड्या स्वतः तयार करा, त्यातच अर्धा अभ्यास होतो. बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, नानासाहेब, माधवराव या चार पेशव्यांना वस्त्रं मिळाली १७१३, १७२०, १७४० आणि १७६१ मध्ये. ज्ञानपीठ मिळालेले मराठी साहित्यिक चारच असल्यानं ही चौकडी आयतीच आहे : वि. स. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३, भालचंद्र नेमाडे २०१४. रामायणाची कांडं क्रमानं म्हणून ठेवा : बाल, अयोध्या, अरण्य, किष्किंधा, सुंदर, युद्ध, उत्तर. संतांची चौकडी करताना एक ध्यानात ठेवा, तुकाराम आणि रामदास दोघांचंही जन्मसाल परंपरेनं १६०८ मानतात, म्हणून 'जन्मानुसार' क्रमात हे दोघे एकत्र घेऊ नका.

भूगोलाच्या चौकड्यांना नकाशा हवाच. पुस्तकातला लहान नकाशा नको, भिंतीवरचा मोठा हवा. भोपाळ, भुवनेश्वर, मुंबई, हैदराबाद यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा म्हटलं की निम्मा वर्ग मुंबई भुवनेश्वरच्या वर लिहितो. भुवनेश्वर २० अंशांच्या थोडं पुढे आहे, मुंबई १९ च्या आसपास; म्हणजे मी दिलेला क्रमच बरोबर आहे. हे एकदा बोट ठेवून पाहिलं की पक्कं होतं. घरच्या नद्यांवरही असंच बोट फिरवा. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री घाट उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला जाते, तिला साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते आणि आमच्या कराडात प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन भेटते. जिथे राहता तिथलं पान आधी भरा. मराठीतल्या 'कोण होणार करोडपती'सारख्या कार्यक्रमासाठी तर हे पान सर्वांत महत्त्वाचं मानते मी.

एका नावाची दोन माणसं

याची वेगळी यादी ठेवा, कारण पर्याय रचताना हे हुकमी हत्यार असतं. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याच्या गादीवर बसलेले शाहू वेगळे, आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारे कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. पहिला बाजीराव पालखेडचा विजेता, १७२८. दुसऱ्या बाजीरावाबरोबर १८१८ मध्ये पेशवाई संपली. प्रश्नात नुसतं 'बाजीराव' ऐकून बोट बटणाकडे नेऊ नका, साल आणि गाव ऐकून घ्या.

बातमी आली की मुळाशी जा

चालू घडामोडींसाठी रोज एक मराठी वर्तमानपत्र पुरतं. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ही बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली. पण किती जणांनी बाराही नावं लिहून काढली? साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. अकरा महाराष्ट्रात, जिंजी तमिळनाडूत. प्रश्न तयारच झाला : यांपैकी कोणता महाराष्ट्राबाहेर आहे? पुढचा : चारही बाजूंनी पाणी असलेले कोणते? खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. विजयदुर्ग किनाऱ्याला लागून आहे. जिंजीच का, हे ज्याला विचारावंसं वाटेल त्याला छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये रायगडाहून निघून पन्हाळ्यामार्गे दक्षिणेत जिंजीला गेले तो सगळा काळ वाचावा लागेल, आणि तो वाचनाचा आनंद कोणत्याही बक्षिसाहून कमी नाही असं मला मनापासून वाटतं.

जी माहिती बदलते ती पेन्सिलीनं लिहा. जुन्या पुस्तकांत २९ राज्यं आणि ७ केंद्रशासित प्रदेश सापडतील. आता २८ आणि ८ आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. सेकंडहँड पुस्तक घेतलंत तर आधी त्याचं छपाईचं साल बघा.

ऐकीव माहिती तपासल्याशिवाय वहीत घेऊ नका

विजयदुर्गाचंच उदाहरण देते. तिथल्या तटावरून १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, असा मजकूर दरवर्षी ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं आहे, त्याचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला हेही खरं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं, आणि नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय नोंदवली. विजयदुर्ग आपला अभिमान आहे, त्यासाठी त्याला उसन्या शोधाची गरज नाही. कार्यक्रमात बरोबर ठरतं ते नोंदीतलं उत्तर.

तपासायचं कुठे? बालभारतीची पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल, विज्ञानाची पुस्तकं आधी संपवा. त्यानंतर मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभं केलेलं हे काम आता घरबसल्या फुकट वाचता येतं, आणि तरी लोक फॉरवर्डवर विश्वास ठेवतात याचं मला वाईट वाटतं. दोन चांगल्या ठिकाणी माहिती जुळली तर शाईनं लिहा. ज्यावर विद्वानांचंच एकमत नाही, उदाहरणार्थ बारा ज्योतिर्लिंगांतलं वैजनाथ परळीचं की देवघरचं, तिथे दोन्ही मतं लिहून ठेवा.

लाइफलाइन आणि पैशांचा हिशेब

लाइफलाइन दर पर्वात थोड्या बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे नियम पाठच करा. ज्या पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यापुरतं सांगते. प्रेक्षकांचा कौल सिनेमा, क्रिकेट, पुराणकथा, खाद्यपदार्थ यांवर घ्या. कलम आणि सनावळीच्या प्रश्नांवर त्यांचे आकडे तुमच्याइतकेच चाचपडत असतात. ५०-५० घेण्याआधी मनाशी ठरवा की कोणत्या दोघांत तुमचा गोंधळ आहे. नेमके तेच दोघे उरले तर त्या लाइफलाइननं काही दिलं नाही, म्हणून ती शेवटची एकटी शिल्लक ठेवू नका.

मित्राला फोन करण्याची सोय त्या पर्वात असेल तर तिचा सराव घड्याळ लावून करा. वेळ अर्ध्या मिनिटाची असते, आणि 'नमस्कार, कसे आहात' म्हणण्यात पाच सेकंद जातात. फोनवर पहिला शब्द प्रश्नाचा हवा. प्रश्न, चार पर्याय, आणि समोरच्यानं दोनच गोष्टी सांगायच्या : उत्तर आणि खात्री किती टक्के. नातं बघून माणूस निवडू नका. तुमची जी बाजू कच्ची आहे ती ज्याची पक्की, तो मित्र. आमच्यातल्या एका ताईंनी सख्ख्या भावाऐवजी विज्ञान शिकवणाऱ्या शेजारणीचं नाव लिहिलं. भाऊ थोडे रुसले, पण निर्णय योग्यच होता.

आता पैसे. २०१९ च्या बक्षिसांच्या शिडीवर दुसरा पडाव ३ लाख २० हजारांचा होता. तिथे पोहोचल्यावरचा पुढचा प्रश्न, ६ लाख ४० हजारांचा, न खेळता सोडणं म्हणजे फुकटची संधी सोडणं, कारण चुकलात तरी ३ लाख २० हजार तुमचेच. पडावानंतरच्या पहिल्या प्रश्नाला कधीही 'क्विट' म्हणू नका. खरी परीक्षा १२ लाख ५० हजार हातात असताना. २५ लाखांचा प्रश्न बरोबर आला तर साडेबारा लाख वाढतात, चुकला तर ९ लाख ३० हजार जातात. हिशेबानं साधारण ४३ टक्क्यांहून जास्त खात्री असेल तर खेळणं फायद्याचं. पण हा हिशेब सरासरीचा आहे, आणि तुम्ही खुर्चीवर एकदाच बसणार आहात. ज्याच्या घरावर कर्ज आहे त्यानं ६० टक्के खात्री असली तरी थांबावं, असं मी स्पष्ट सांगते. एक कोटी हातात असताना सात कोटींच्या प्रश्नाला आकडेमोड तर आंधळ्या अंदाजानंही खेळा म्हणते. चार पर्यायांतून नुसतं बोट ठेवलं तरी सरासरीत फायदाच दिसतो. तो सल्ला कोणीही मानू नये. बबिताताई थांबल्या, ते शहाणपणाचंच होतं.

बक्षिसाच्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर लागतो, मोठ्या रकमेवर अधिभारही. नेहमीच्या करपात्र मर्यादेची सूट इथे मिळत नाही. ३ लाख २० हजारांतले साधारण २ लाख २० हजार घरी येतात. हा आकडा डोक्यात ठेवूनच कर्ज फेडण्याची स्वप्नं बघा.

नोंदणीबद्दल थोडंच. वाहिनी जाहीर करते त्या दिवसांत ॲपवर रोजच्या प्रश्नाचं उत्तर द्या, निवड झाली तर पुढे सामान्य ज्ञानाची चाचणी आणि मुलाखत होते. मुलाखतीत तुमची गोष्ट विचारतात. ती दोन मिनिटांत, आपल्या गावच्या भाषेत सांगायची तयारी ठेवा. आणि 'तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली' असा मेसेज आला तर तो सरळ फसवणुकीचा समजा. या कार्यक्रमात लॉटरी नसते, आणि बक्षीस देण्याआधी कोणी कर किंवा फी भरायला सांगत असेल तर एक रुपयाही पाठवू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

निवड झालीच, तर निघण्याच्या आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. घरातल्यांसोबत बसून एक आकडा ठरवा, की एवढी रक्कम हातात आली आणि उत्तराची खात्री नसली तर थांबायचं. तो कागदावर लिहा आणि बरोबर जो जोडीदार स्टुडिओत बसणार आहे त्याच्या खिशात द्या. तिथे तुमच्याकडे बघून मान हलवायची की नाही, हे त्याला आधीच माहीत असायला हवं.